युत्रे म्हणणारी बाई

"दात तुमचेच ना सगळे?" एदिताने विचारलं.

तेक्लाने हातातली दुधाची बादली खाली ठेवली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. बाजारात गाय घेणारे विचारतात, पण तेही गायीला नाही, मालकाला विचारतात.

"मागची एक दाढ गेलीय," ती म्हणाली. "बाकी सगळे माझेच. का? काही चावून दाखवू?"

"नको, नको. पुढचे असले की झालं." एदिता हसली तेव्हा तिचे स्वतःचे दात सिगारेटने पिवळे पडलेले दिसले. "पुढचे दात नसले की टेपवर स कुठला आणि श कुठला, काही कळत नाही मला. मागच्या गावात एक आजोबा होते, बोलायला फार गोड, पण सगळं शिट्टी वाजवल्यासारखं."

ती ब्रातिस्लाव्हाच्या एका संस्थेतून आली होती. पन्नाशीची बाई, अंगात पँट, केस पुरुषासारखे कापलेले. टेपरेकॉर्डरचं सुटकेसएवढं धूड बसथांब्यापासून स्वतः उचलून ती चढ चढून आली होती. खरं तर ती तेक्लाच्या वडिलांसाठी आली होती. यालोविंका गावातला बार्तो जुनं, चोख बोलतो, असं तिला पूर्वी कुणीतरी सांगितलं होतं. पण बार्तोच्या उजव्या अंगावरून वारं गेल्याला आता बराच काळ लोटला होता. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला असे. त्याच्या तोंडून शब्द येत नसत, नुसते आवाज येत. त्यातला कुठला पाण्यासाठी आणि कुठला बाहेर न्यायचा, एवढं तेक्लाला कळे. दुसऱ्या कुणाला तेही कळत नसे. एदिता त्याच्यासमोर थोडा वेळ उभी राहिली. त्याचा डावा हात हातात घेऊन तिने त्याला आपलं नाव सांगितलं, आणि मग वळून तेक्लाकडे बघितलं.

"जन्म इथलाच?"

"याच खोलीतला."

"आई?"

"विहिरीजवळच्या घरातली."

"आज्या?"

"दोघीही इथल्याच. तेव्हा इथलं कुणी बाहेर जात नसे, आणि बाहेरचं कुणी इथे येत नसे."

"लग्न?"

"नाही."

"बाहेर राहिलात कधी? कामाला, नातेवाइकांकडे?"

"नाही."

"युद्धाच्या वेळी?"

"रानात लपलो होतो. पण सगळं गावच होतं, गायींसकट."

"मग ते चालेल," एदिता म्हणाली.

तेक्लाच्या दर नकाराबरोबर या बाईचा चेहरा खुलत चालला होता. तेक्लाला गंमत वाटली. जन्मभर लोकांनी तिच्या याच नकारांची कीव केली होती, आणि ही शहरातली बाई मात्र ताटात एकेक गोड पदार्थ पडावा तशी ते ऐकत होती.

"तुम्ही मला अगदी हव्या तशा आहात," शेवटी ती म्हणाली. "अशी माणसं आता सापडत नाहीत हो."

तेक्लाने तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कुणीतरी आपल्याला 'हव्या तशा' म्हणत असताना लगेच मध्ये बोलणं तिला जमलं नाही. येत्या रविवारच्या बसने ती गाव सोडून जाणार होती.

तिकडे चेक मुलखात, उत्तर बोहेमियात, एक सूतगिरणी होती. तेक्लाची शाळेतली मैत्रीण झोफ्का तिथे पुष्कळ वर्षं होती. ईस्टरला ती गावी आली तेव्हा गिरणीच्या स्वयंपाकघरात जागा होणार असल्याचं सांगून गेली होती. राहायला वसतिगृहात पलंग, खोलीत आणखी एक बाई, नळाला गरम पाणी. जागा झाली तसा तिने येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप धाडला: सोमवारी सकाळी हजर राहा, मंगळवारी दुसरीला घेतील. तेक्ला चव्वेचाळीस वर्षांची होती. यापुढे आपल्यासाठी कुठे जागा रिकामी होईल, असं तिला वाटत नव्हतं.

वडिलांना तिचा धाकटा भाऊ इम्रो नेणार होता. खाली रस्त्याला लागून त्याने नवं घर बांधलं होतं, बसथांब्याच्या समोरच. एक खोली बाबांसाठी ठेवलीय, असं तो पाया खणल्यापासून म्हणत होता.

*

सकाळचं काम सहकारी शेतीच्या वासरांच्या गोठ्यात. तिथून आलं की दुपारी तेक्ला स्वयंपाकघरातल्या बाकावर बसे, समोर एदिता, मध्ये ते यंत्र. एदिताची कामाची पद्धत तेक्लाला पहिल्यांदा वेडगळच वाटली. जो शब्द हवा तो तिने स्वतः कधी उच्चारायचा नाही. आडून आडून विचारत राहायचं, आणि तो समोरच्याच्या तोंडून आपणहून बाहेर पडेपर्यंत थांबायचं. आपण आधी म्हटला तर समोरचा माणूस आपलाच शब्द आपल्याला परत देतो, आणि मग तो त्या गावाचा राहत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

"कोंबडा आरवला," एदिता म्हणाली. "अंधार गेला, सूर्य डोंगरावर आला. या वेळेला काय म्हणता?"

"उशीर झाला म्हणतो."

"बरं. सूर्य यायच्या जरा आधी?"

"ती वासरांना पाजायची वेळ."

"आणि कुणी विचारलं, तेक्ला, वासरांना कधी पाजतेस? तर?"

"कोण विचारणार? सगळ्यांना माहितीय."

"अगं, रानो म्हण ना!" दारातून आवाज आला. शेजारच्या युलिश्का काकू होत्या. 'डॉक्टर' आल्याचं कळल्यापासून गावातलं कुणी ना कुणी दुखणं घेऊन दारात येऊन बसत होतं; काकूंनी आपला गुडघा आणला होता. "रानो पाजते म्हण! डॉक्टरीणबाईंना किती छळशील!"

एदिताने डोळे मिटले आणि यंत्राचं बटण दाबून ते थांबवलं. "काकू, तुम्ही सांगायचं नाही."

"का? मी काय परकी आहे?"

"परक्या नाही. पण तुम्हाला दात नाहीत."

"दात नाहीत म्हणून काय झालं, जीभ आहे की!" काकू म्हणाल्या. "आणि गुडघ्याचं काय? गुडघ्याला दात लागतात का?"

"मी शब्दांची डॉक्टर आहे हो."

"मग आमच्या इम्रोला बघा," तेक्ला म्हणाली. "त्याच्या शब्दाची तब्येत फार नाजूक असते."

एदिता इतकी हसली की तिला खोकला आला. खुर्चीत बार्तोनेही काहीतरी आवाज काढला. तो पाण्याचा नव्हता, म्हणून तेक्लाने वळून बघितलं. त्याच्या तोंडाची चांगली बाजू वर गेली होती.

यंत्र पुन्हा सुरू झालं, आणि थोड्या वेळाने सकाळसाठीचा 'रानो' तेक्लाच्या तोंडून आपणहून आलाच.

"आज तुम्ही झोपलात," एदिता म्हणाली. "उठाल तो दिवस कुठला?"

"शुक्रवार."

"वाराचं नाव नको."

"कोबी खारवायचा दिवस."

"नको." एदिता जराही वैतागत नव्हती, हे तेक्लाने मनात नोंदवलं. "असं बघा. तुमचा भाऊ दारात उभा आहे. त्याला आज काही करायला जमणार नाहीये. त्यानंतरच्या दिवशी करतो म्हणाला. तर कसं म्हणेल?"

तेक्लाला विचार करावा लागला नाही.

"युत्रे," ती म्हणाली. "युत्रे करतो."

एदिताची पेन्सिल थांबली. "पुन्हा म्हणा."

"युत्रे."

"खालच्या गावात काय म्हणतात, माहितीय?"

"झायत्रा म्हणतात. ते रेडिओवरचं बोलतात. आमच्याकडे युत्रेच. माझी आजीही युत्रेच म्हणायची."

एदिताने टेप मागे फिरवून ऐकवली. यंत्रातून एका बाईचा जाडसर, घाई नसलेला आवाज आला. तेक्लाला तो आपला वाटेना. तिला वाटत होतं, आपण याहून तरुण बोलतो.

*

त्या संध्याकाळी इम्रो जळण घेऊन आला. त्याने मोळी भिंतीशी टाकली आणि टोपी मागे सारून यंत्राकडे बघत उभा राहिला.

"शनिवारी येशील ना?" तेक्लाने विचारलं.

"म्हटलं ना येतो म्हणून."

"पलंग हवा त्यांना, इम्रो. बाकावर झोपवून चालणार नाही, एका बाजूला कलंडतात."

"पलंग आहे गं. रंग व्हायचाय खोलीला. ब्लाझेनाला निळा हवाय, आणि सहकारी दुकानात फक्त पिवळा आलाय."

"बाबांना पिवळा चालेल."

"ते मला नको सांगूस, ब्लाझेनाला सांग." तो हसला. इम्रो वाईट नव्हता. लहानपणी तो तेक्लाच्या कडेवर वाढला होता, आणि कडेवरच्या मुलाची सवय त्याला अजून होती: कुठे जायचं ते दुसऱ्याने ठरवायचं. पूर्वी तेक्ला ठरवत असे, आता त्याची बायको ब्लाझेना. "तू घाई फार करतेस ताई. इतकी वर्षं गेली, आता एका आठवड्याने काय होतंय?"

"जागा जाते."

"बघू. करतो काहीतरी," असं म्हणून तो वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. बार्तो त्याच्या पाठीकडे बघत राहिला. दोघं एकमेकांशी बोलत नसत. इम्रोला ते आवाज समजत नसत आणि समजून घ्यायची त्याला भीती वाटे.

*

शुक्रवारी दिवेलागणीच्या सुमाराला तेक्ला सूपासाठी घेवड्याचे दाणे निवडत होती. एदिताने दोन मुठी उचलल्या, एक पांढऱ्या दाण्यांची आणि एक लाल.

"तुम्ही रोज विचारता ना, हे कशासाठी चाललंय? बघा, असा नकाशा करायचाय." तिने टेबलावरच्या मेणकापडाच्या खालच्या कडेला बशी ठेवली. "हा दक्षिणेचा समुद्र. वर हा पाव म्हणजे पोलंड. रशिया तिकडे, चुलीपर्यंत. तुमचं टेबल काही पुरायचं नाही."

"रशियाला पुरेसं टेबल कुणाकडेच नाही," तेक्ला म्हणाली.

एदिता दाणे मांडत गेली. बोटं जपून, एकेक दाणा ठरलेल्या जागी. "तुमचा तो शब्द. शब्द एकच, थोडासा इकडेतिकडे. त्याचा अर्थ सकाळ असेल तिथे पांढरा, उद्या असेल तिथे लाल. डोंगरापलीकडे पोलंडात युत्रो म्हणतात. अर्थ तुमचाच. लाल. खाली समुद्राकडे सर्ब लोक आहेत, तेही अगदी तसंच युत्रो म्हणतात, पण म्हणजे सकाळ. पांढरा. रशियनांचं ऊत्रो, तेही सकाळ. बल्गेरियात ऊत्रे म्हटलं की पुन्हा लाल."

"असं कसं झालं?"

"फार पूर्वी सगळे एकत्र होते. शब्दही एकच होता. रात्री झोपताना 'सकाळी करू' म्हटलं की त्यातच दुसरा दिवस आला. वेगळा शब्द कशाला हवा? मग लोक पांगले. कुणी त्या शब्दात सकाळ ठेवली, कुणी पुढचा दिवस ठेवला."

"भाऊ वेगळे होताना असंच करतात," तेक्ला म्हणाली. "एकजण कढई नेतो, एकजण झाकण."

तिने बशीजवळच्या पांढऱ्या दाण्यांकडे बघितलं. तो समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. समुद्र राहू दे, जिल्ह्याच्या गावापलीकडे तिने काही पाहिलं नव्हतं, आणि तिथेही फक्त इस्पितळ. "म्हणजे मी इथे ज्याची वाट बघत बसायचं," ती म्हणाली, "ते त्यांच्याकडे उजाडलेलं असतं."

एदिताने एक लाल दाणा उचलून टेबलाच्या मधोमध, इतरांपासून जरा दूर ठेवला. "हे यालोविंका. आजूबाजूला सगळीकडे झायत्रा आहे. तुमचं गाव एकटं."

"आणि चेक लोक काय म्हणतात?"

प्रश्न फार पटकन बाहेर पडला. एदिताने मान वर केली.

"झीत्रा म्हणतात. का?"

तेक्लाने मग सांगून टाकलं. झोफ्का, गिरणी, स्वयंपाकघर, पलंग, रविवारची बस. सांगताना तिचे हात दाणे निवडतच होते. एदिताने सिगारेट काढली, पेटवली नाही.

"दोन वर्षांनी आमच्यापैकी कुणीतरी परत येतं," ती म्हणाली. "मी ऐकलं ते बरोबर होतं का ते तपासायला. तेव्हा हेच माणूस लागतं."

"मी येईन की तेव्हा गावाला."

"तिकडे राहून आलेलं चालत नाही."

"का? दात पडतात तिकडे?"

"दात राहतात. पण वर्षभर झीत्रा झीत्रा कानावर पडलं की बोलणं मिसळतं. तुम्हाला कळतसुद्धा नाही. मी पाहिलंय." तिने सिगारेट पुन्हा पाकिटात घातली. "हे मी कामापुरतं सांगतेय. मी तुमच्या जागी असते तर गेले असते. मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही."

"म्हणू नकाच," तेक्ला म्हणाली. "ते म्हणायला गावात पुष्कळ लोक आहेत."

तिने टेबलावरचे सगळे दाणे, समुद्राकडचे आणि चुलीकडचे, ओंजळीने भांड्यात लोटले. सूप तर करायचंच होतं.

*

यालोविंकात गावसमितीच्या कचेरीवर आणि रस्त्यातल्या खांबांवर कर्णे लावलेले होते. आधी बँडची तबकडी वाजायची, मग अध्यक्ष ह्रिट्स बोलायचे: दुकानात साखर आली, कुणाचं डुक्कर सुटलं, कोण वारलं. त्या कर्ण्यांवरून आलेली गोष्ट मग खरी की खोटी, असा प्रश्न कुणी विचारत नसे. कर्ण्यावरून सांगितल्याशिवाय कुणाला मेलेलंही धरत नसत.

शनिवारी सकाळी तेक्ला वासरांच्या गोठ्यात होती. बँड वाजला, थांबला, आणि खांबावरून तिचाच आवाज आला. रानो. कोबी खारवायचा दिवस. युत्रे. गोठ्यातल्या बायका हातातलं काम टाकून हसायला लागल्या. एकीने बादलीवर ठेका धरला. तेक्लाही हसली, मान खाली घालून, पण हसली.

मग ह्रिट्स बोलले. "नागरिकांनो! सगळ्या स्लाव देशांचा मोठा नकाशा होतो आहे, आणि त्यात आपलं यालोविंका असणार आहे. आपल्या तेक्लाच्या तोंडून! कशामुळे? तर तेक्लाने जन्मात कधी गाव सोडलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी माणसं जपायला हवीत. आणि आपण जपणार! दोन वर्षांनी शास्त्राचे लोक पुन्हा येतील तेव्हाही तेक्ला इथेच असेल, आपल्या वासरांजवळ. तिचं गावातर्फे अभिनंदन. दुसरं असं की, बटाट्याची पोती ज्यांनी अजून परत केलेली नाहीत..."

"काय गं," बादली वाजवणारी म्हणाली, "तू तर जाणार होतीस?"

"जाणारच आहे."

"मग हे काय म्हणतायत?"

"त्यांना वासरांचं पडलंय," तेक्ला म्हणाली. पण बायका आता हसत नव्हत्या. त्या तिच्याकडे, जरा आदराने आणि जरा सुटल्यासारख्या, बघत होत्या. तिच्या वाटणीची वासरं आपल्या गळ्यात पडणार, ही भीती त्यांनाही होती.

दुपारच्या बसआधी एदिता गोठ्याच्या दारात आली. यंत्र तिच्या हातात होतं, ते तिने खाली ठेवलं नाही.

"मी असं म्हटलं नव्हतं. त्यांना टेप ऐकवताना नुसतं बोलण्याच्या ओघात म्हटलं की जपायला हवीत."

"जपायला म्हणजे कसं?" तेक्लाने विचारलं. "बरणीत घालून? वरून तेल ओतून?"

एदिताचा चेहरा लाल झाला. "मी जाऊन सांगते त्यांना. पुन्हा बोलायला लावते."

"नको. तुमची बस चुकेल." तेक्लाने हात ॲप्रनला पुसून पुढे केला. "तुम्ही चांगलं विचारत होतात बाई. इतका वेळ थांबून माझं उत्तर कुणी ऐकलं नव्हतं."

एदिताने हात हातात घेतला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला.

*

शनिवारी इम्रो आला नाही. तेक्लाने संध्याकाळपर्यंत बाबांचे कपडे घडी करून एका गाठोड्यात बांधले, आपली सुटकेस बांधली, आणि दाराची कडी न लावता वाट बघितली. अंधार पडल्यावर वडिलांना एकटं टाकून तिला खाली जाता येत नव्हतं. रंग ओला असेल, तिने स्वतःला सांगितलं. पहाटे येईल. पहाट झाली, प्रार्थनेची घंटा झाली, तो आला नाही.

तेव्हा तिने गवताची हातगाडी अंगणात ओढली. गाडीत गादी घातली, उशी घातली, आणि वडिलांना काखेत हात घालून, पाठ मोडेपर्यंत जोर लावून आत बसवलं. पायांशी गाठोडं आणि सुटकेस. स्वतः ती शहराचे कपडे घालून तयार होती: राखाडी कोट, आणि काळे, छोट्या टाचेचे बूट. हे बूट तिने झोफ्काचा निरोप आला त्या आठवड्यात घेतले होते आणि घरातल्या घरात घालून चालून बघितले होते. रस्त्यावर ते पहिल्यांदाच.

उतारावर गाडी ओढावी लागत नाही, धरून ठेवावी लागते. टाचा दगडांत अडकत होत्या. प्रार्थनेहून परतणारे लोक बाजूला होत होते.

"ऐकलं गं कर्ण्यावर! अभिनंदन!"

"बाबांना फिरवायला काढलंस? बरं केलंस, ऊन छान आहे."

"आता काय, तू मोठी बाई झालीस!"

ती मान हलवत होती. बोलायला तिच्याकडे श्वास उरत नव्हता. बार्तो उशीला टेकून, लोकांचे पाय आणि कुंपणं उलट्या दिशेने सरकताना बघत होता. दोन वर्षांत तो अंगणापलीकडे आला नव्हता.

इम्रोच्या फाटकाला साखळी होती, आणि साखळीला कुलूप. तेक्लाने हाक मारली. कुत्रंही भुंकलं नाही. तेही त्यांनी बरोबर नेलं होतं. ती कुंपणाजवळून आत वाकली. रस्त्याकडच्या खोलीची खिडकी बिनपडद्याची होती. भिंती निळ्या झालेल्या होत्या, सुरेख, एकसारख्या. खोलीच्या मधोमध ब्लाझेनाचं शिवणाचं यंत्र होतं, आणि त्याच्याभोवती कापड कापायचं लांब टेबल. पलंग ठेवायला जागाच नव्हती.

पलीकडच्या घरातली बाई प्रार्थनेच्या कपड्यांतच दारात आली. "अगं, ते तर पहाटेच गेले. ब्लाझेनाच्या माहेरी, चर्चच्या जत्रेला. उद्या येतील."

"इम्रो काही बोलला?"

"काय बोलणार? म्हणाला, ताई राहतेय, कर्ण्यावरूनच सांगितलंय, आता घाई नाही." बाईची नजर सुटकेसवर गेली, मग बुटांवर. "मलाही वाटलं तू राहतेस. सगळ्यांनाच वाटलं."

"मी बाबांना इथे बाकावर बसवलं," तेक्ला सावकाश म्हणाली, "तर..."

बाईने अंगावरची शाल आवळली. "मला त्यांचं काही कळत नाही गं," ती म्हणाली. "ते काय मागतात, काय नाही. उद्यापर्यंत माझ्याच्याने नाही व्हायचं." आणि ती आत गेली, पण दार तिने पूर्ण लावलं नाही.

बस वळणावरून आली तेव्हा तेक्ला फाटकाशीच उभी होती. बस समोरच्या थांब्यावर थांबली. कुणी उतरलं नाही. चालकाने दार उघडलं आणि सुटकेसकडे हनुवटीने खूण केली.

"चढणार ना?"

तेक्लाने बसमध्ये बघितलं. मागच्या बाजूला खिडकीजवळ एक जागा रिकामी होती. तिने वडिलांकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. बसकडे बघत होता. त्याच्या घशातून एक आवाज निघाला. तेक्लाला त्याचे सगळे आवाज ओळखता येत, आणि हा तिने यापूर्वी ऐकलेला नव्हता. त्याने डावा हात गाडीच्या कडेवरून उचलला आणि बसच्या दिशेने पुढे ढकलला, गोठ्यातून वासराला बाहेर काढताना ढकलतात तसा. पुन्हा ढकलला. आवाज मोठा झाला. तोल जाऊन तो उशीवरून घसरला, तेव्हा तेक्लाने पटकन त्याच्या काखेत हात घातला.

"ताई, वेळ होतोय," चालक म्हणाला.

तिचे दोन्ही हात वडिलांना धरण्यात गुंतले होते. तिने नुसती मान हलवली. दार मिटलं, बस निघाली आणि पुलाच्या वळणावर दिसेनाशी झाली. बार्तोचा हात बराच वेळ तसाच ढकलत राहिला. त्याच्या गालावरून ओघळ येत होता, तो त्याने पुसला नाही, म्हणून तिने पुसला. तिने त्याला नीट बसवलं, उशी मागे दाबली आणि गाडी वळवली.

चढावर त्या बुटांनी चालणं शक्य नव्हतं. तिने वाकून ते काढले, मोजे काढून कोटाच्या खिशात घातले. बूट सुटकेसवर ठेवले तर घरंगळले असते. तिने ते वडिलांच्या मांडीवर ठेवले. बार्तोने डावा हात त्यांच्यावर ठेवला. मग काही विचार करून तो काढला, एकेक बूट उचलून टाचा खाली येतील असा शेजारी शेजारी उभा केला, तळव्यांना लागलेली माती अंगठ्याने खरवडून काढली, आणि दोन्ही बूट एकाच हातात घट्ट धरून ठेवले.

तेक्लाने गाडीचा दांडा उचलला. दगड अजून गार होते. ती चढाला लागली.